नेटचा प्लॅन फास्ट, तरी पेज उघडायला वेळ का लागतो?

नेटचा स्पीड म्हटलं की सगळे एमबीपीएसचा आकडा बघतात. मोठा व्हिडिओ डाऊनलोड करताना तो आकडा कामाचा आहेच, पण साधं वेबपेज उघडताना ब्राउझरचा बराचसा वेळ सर्व्हरकडून उत्तर यायची वाट बघण्यात जातो आणि ही वाट प्लॅन बदलून कमी होत नाही.

हिशोब करून बघा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सर्व्हर १० हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन एका फेरीला १०० मिलिसेकंद गेलेच. आता टीसीपी (डेटा क्रमाने आणि न हरवता पोचवायची नेटची पद्धत) कनेक्शन जोडायला एक फेरी, टीएलएस १.२ या सुरक्षेच्या पद्धतीचं एन्क्रिप्शन ठरवायला दोन, मग पेज मागायला आणखी एक, म्हणजे पहिलं अक्षर दिसायच्या आधीच ४०० मिलिसेकंद संपले! वर टीसीपी सुरुवातीला मुद्दाम हळू चालतं, पहिल्या खेपेला साधारण १० पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) म्हणजे जेमतेम १४ केबी पाठवतं आणि सगळं नीट पोचतंय असं दिसलं की मग वाढवत नेतं, त्यामुळे छोट्या फाईलींना पूर्ण स्पीड मिळायच्या आत त्या संपलेल्या असतात.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात तो प्रोटोकॉल म्हणजे एचटीटीपी. १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये तर साधारणपणे प्रत्येक फोटोला, प्रत्येक फाईलला नवीन कनेक्शन लागायचं. पुढच्या वर्षी १.१ आलं, त्यात कनेक्शन उघडंच ठेवायची सोय झाली, पण एका कनेक्शनवर एकाचं उत्तर पूर्ण आल्याशिवाय दुसऱ्याचं येत नाही, म्हणून ब्राउझर एकेका सर्व्हरशी सहा-सहा कनेक्शन उघडायला लागले. पाइपलाइनिंग नावाचा उपायही होता, म्हणजे उत्तराची वाट न बघता पुढच्या मागण्या पाठवत राहायचं. फायरफॉक्समध्ये ते सेटिंग चालू करून नेट सुसाट करायच्या टिप्स तेव्हा जिकडेतिकडे फिरायच्या, पण मधल्या जुन्या प्रॉक्सी (मागण्या पुढे पाठवणारे मध्यस्थ सर्व्हर) गोंधळ घालायच्या म्हणून ते बाय डिफॉल्ट बंदच असायचं, आणि ते बरोबरच होतं.

खरा फरक पडला २०१५ मध्ये, एचटीटीपी २ मुळे. गूगलच्या स्पीडी या प्रयोगातून ते आलं. एकाच कनेक्शनवर सगळ्या फाईलींचे तुकडे मिसळून येतात, सहा कनेक्शनची गरजच नाही. अडचण एवढीच की खाली टीसीपीच आहे आणि त्याला सगळं क्रमानेच द्यायचं असतं, त्यामुळे एक पॅकेट हरवलं की ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही अशा फाईलीही अडकून पडतात.

म्हणून एचटीटीपी ३ ने टीसीपीच सोडून दिलं (हे मला सगळ्यात धाडसी वाटतं). ते क्विक नावाच्या नव्या पद्धतीवर चालतं आणि क्विक यूडीपीवर, म्हणजे क्रम किंवा पोचल्याची खात्री न बघता पॅकेट नुसती पाठवणाऱ्या साध्या पद्धतीवर. कनेक्शन आणि एन्क्रिप्शन एकाच फेरीत उरकतं, हरवलेलं पॅकेट ज्या फाईलचं असेल तेवढीच थांबते, आणि कनेक्शनला स्वतःचा आयडी असल्यामुळे वायफायवरून मोबाईल डेटावर गेलात तरी तेच कनेक्शन पुढे चालू राहू शकतं. चांगल्या वायर्ड लाईनवर फार फरक जाणवणार नाही, पॅकेट हरवणाऱ्या मोबाईल नेटवर्कवर जास्त जाणवतो.

तुमचा ब्राउझर काय वापरतोय ते बघायचं असेल तर डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा, कॉलमच्या नावांवर राइट क्लिक करून प्रोटोकॉल कॉलम चालू करा आणि पेज रिफ्रेश करा. एकाच पेजवर किती वेगवेगळ्या सर्व्हरकडून जाहिराती, फॉन्ट आणि ट्रॅकर येतात तेही तिथेच दिसेल, आणि यातल्या जवळपास प्रत्येकासाठी कनेक्शन पुन्हा पहिल्यापासून जोडावं लागतं, मग प्रोटोकॉल कितीही नवा असो.