संघटित गुन्हेगारी टोळी

संघटित गुन्हेगारी टोळी : बेकायदा मार्गाने सतत पैसा किंवा वर्चस्व मिळवण्यासाठी उभी राहिलेली टिकाऊ संघटना. हिंसा आणि हिंसेचा धाक हे तिचे भांडवल. एक दरोडा घालून वाटणी होताच पांगणारे लोक या व्याख्येत बसत नाहीत. म्होरक्या तुरुंगात गेला, परदेशी पळाला किंवा मारला गेला तरी हप्तावसुली चालू राहते, तेव्हा ती टोळी समजावी. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो कराराने अशा गटासाठी किमान तीन माणसे धरली आहेत, तर महाराष्ट्राच्या कायद्याला दोनही पुरतात.

अशा टोळ्या केवळ गरिबीतून किंवा वाईट संगतीतून जन्मतात, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. लोकांना हवी असलेली वस्तू कायदा नाकारतो, किंवा कायद्याने मिळणारा न्याय फार उशिरा मिळतो, अशा दोन फटींत त्या वाढतात. मुंबईचा इतिहास याचा चांगला नमुना आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्टी फोफावली आणि त्या धंद्यावर वरदराजन मुदलियारसारख्यांनी जम बसवला. सोन्याच्या आयातीवरील बंधने आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा यांमुळे दुबईहून गलबतांनी येणारी दहा तोळ्यांची बिस्किटे सोन्याहून पिवळी ठरली. गोदीत हमाली केलेला हाजी मस्तान याच तस्करीतून मोठा झाला. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले खरे, पण घरमालकाचा दावा न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहू लागला. मग खोली रिकामी करून देणारा ‘भाई’ लागतोच. करीम लाला आणि त्याच्या पठाणांचे नाव अशा कामांशी आणि सावकारीशी जोडलेले होते.

या खासगी निवाड्याला मुंबईच्या बोलीत ‘मांडवली’ म्हणतात. टोळीचे स्वरूप समजून घ्यायला हा शब्द खुनाच्या आकड्यांपेक्षा अधिक उपयोगी आहे. दोन व्यापाऱ्यांतील बुडीत उधारी, दोन भावांतील जागेची वाटणी, बिल्डर आणि चाळकरी यांचा तंटा, सगळे ‘भाई’समोर येते. तो निकाल देतो, आपला हिस्सा कापून घेतो, आणि त्या निकालावर अपील नसते. गोळी क्वचितच झाडावी लागते; ती झाडली जाईल याची खात्री पुरेशी असते. म्हणूनच एखादी हत्या भरदिवसा, चारचौघांत होते. ती मेलेल्यापेक्षा जिवंतांसाठी असते.

हत्येच्या कंत्राटाला ‘सुपारी’ म्हणतात. हा शब्द तमाशाच्या फडाला आणि बँडवाल्यांना आगाऊ देतात त्या सुपारीवरून आला असावा, असे दिसते. लाखाला ‘पेटी’, कोटीला ‘खोका’, पिस्तुलाला ‘घोडा’. खालच्या पोराला, म्हणजे पंटरला, आपल्या वरचा एकच माणूस ठाऊक असतो. त्यामुळे तो पकडला गेला तरी धागा मध्येच तुटतो.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. टोळ्या त्याआधीही होत्या, पण संपानंतर गिरणगावात बेकार तरुण मुबलक झाले आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींना भाव आला. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, पाठोपाठ आयातही सैल झाली. तस्करीतला नफा आटल्यावर टोळ्यांचा रोख बांधकाम आणि चित्रपट व्यवसायाकडे वळला. सोन्याच्या वाटा मात्र बुजल्या नव्हत्या. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. त्यासाठीची स्फोटके आणि शस्त्रे रायगडच्या शेखाडी आणि दिघी किनाऱ्यांवर उतरली होती. त्या खटल्यात काही सीमाशुल्क अधिकारी आणि पोलिसांनाही शिक्षा झाल्या. सरकारी यंत्रणेतला कोणीतरी डोळेझाक करतो, तेव्हाच टोळी एवढी मोठी होऊ शकते. राजकारणही दूर नसते. दगडी चाळीचा अरुण गवळी २००४ मध्ये चिंचपोकळीतून आमदार झाला, आणि २०१२ मध्ये शिवसेना नगरसेवकाच्या हत्येबद्दल त्याला जन्मठेप झाली.

गवळीला शिक्षा झाली ती १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखाली. लोक त्याला ‘मोक्का’ म्हणतात. टोळीचा सूत्रधार स्वतः कधीच हत्यार उचलत नाही, ही नेहमीच्या फौजदारी कायद्याची अडचण होती. मोक्का एकट्या गुन्ह्याऐवजी साखळी पाहतो : मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली असावी लागतात. आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाबही पुरावा ठरतो. एवढी धार असल्याने लगामही आहे. उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय मोक्का लावता येत नाही. तो लगाम किती घट्ट धरला जातो, हा कायम वादाचा विषय. संभाषणे चोरून ऐकण्याची कलमे मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १११ ने संघटित गुन्हेगारी देशभरासाठी स्वतंत्र गुन्हा ठरली असून तिच्यात सायबर गुन्हेही आले आहेत. कलम ११२ मात्र किरकोळ संघटित गुन्ह्यांसाठी आहे. टोळीने केलेली सोनसाखळी चोरी, तिकिटांची बेकायदा विक्री आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिका विकणे हे सगळे त्यात मोडते.