पाश्चात्त्य चर्चचा ऱ्हास : ख्रिस्ती धर्मशास्त्रीय विचार

पश्चिम युरोप व उत्तर अमेरिकेत चर्चची सभासदसंख्या, उपासनेतील उपस्थिती आणि सामाजिक अधिकार यांत झालेल्या घटीचा ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने लावलेला अर्थ. इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००१ च्या जनगणनेत सुमारे ७२ टक्के होते. २०२१ मध्ये ४६.२ टक्के उरले.

या ऱ्हासाच्या आरंभकाळाबद्दल एकमत नाही. ३० मार्च १८५१ च्या रविवारी ब्रिटनमध्ये उपासकांची गणना झाली. सकाळ, दुपार व संध्याकाळची उपस्थिती वेगवेगळी नोंदल्याने एकच माणूस दोनतीनदा मोजला गेला. गणनेची जबाबदारी असलेले होरेस मान यांनी दुपारचे निम्मे आणि संध्याकाळचे एकतृतीयांश उपासकच नवे धरून हिशेब जुळवला. तोडगा अंदाजाचाच, त्यामुळे त्याच आकड्यांवरून कोणी तो काळ भाविक ठरवतो, कोणी गळतीचा. इतिहासकार कॅलम ब्राउन यांच्या मते खरी घसरण १९६३ च्या सुमारास, मुख्यतः स्त्रिया चर्चपासून दुरावल्याने झाली. इतिहासकार ह्यू मक्लाउड १९५८ ते १९७४ असा लांब पट्टा धरतात. तो अधिक सयुक्तिक वाटतो. अमेरिकी धर्मशास्त्रज्ञ हॉवरवास व विलिमन (१९८९) हेही १९६३ कडे बोट दाखवतात : त्या वर्षी दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिलचे एक चित्रपटगृह रविवारी, म्हणजे उपासनेच्या दिवशी, उघडले. हे अर्थात प्रतीक, पुरावा नव्हे.

अधोलोकाच्या द्वारांचे मंडळीपुढे काही चालणार नाही, असे अभिवचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे (१६:१८), इफिसच्या मंडळीला मात्र तिची समई (म्हणजे मंडळी म्हणून तिचे स्थान) काढून घेण्याचा इशारा मिळतो (प्रकटीकरण २:५). म्हणून अभिवचन वैश्विक चर्चला आहे, एखाद्या देशातील चर्चला नाही, असा अर्थ बहुधा लावतात. इफिसचा प्रदेश आज तुर्कस्तानात आहे.

राजाश्रयी ख्रिस्ती समाजावर डॅनिश विचारवंत किर्केगॉर यांनी १८५४-५५ मध्येच घणाघात केला होता. नाझींनी कैद केलेले जर्मन धर्मशास्त्रज्ञ बाँहोफर यांनी बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून ३० एप्रिल १९४४ च्या पत्रात ‘धर्मविरहित ख्रिस्तीत्वा’चा प्रश्न मांडला; त्यांच्या मृत्यूमुळे तो अपुरा राहिला. योझेफ रात्सिंगर (पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट) यांनी १९६९ च्या रेडिओभाषणात लहान, सत्ताहीन, पण अंतर्यामी समृद्ध चर्चचे भाकीत केले. ब्रिटिश मिशनरी बिशप लेस्ली न्यूबिगिन तमिळ प्रदेशातील दीर्घ सेवेनंतर १९७४ मध्ये ब्रिटनला परतले. ख्रिस्ती श्रद्धा नाकारून घडलेला समाज तिच्याशी अपरिचित समाजापेक्षा सुवार्तेला अधिक विरोध करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पश्चिमेलाच मिशनक्षेत्र (धर्मप्रसाराचे क्षेत्र) मानणारा आजचा विचार बराचसा त्यांच्यापासून निघतो, जरी फ्रान्सबाबत गोदँ व दानिएल या धर्मगुरूंनी तोच प्रश्न १९४३ मध्ये विचारला होता.

मात्र ऱ्हास सर्वत्र सारखा नाही : लंडनसारख्या शहरांत आफ्रिकी व कॅरिबियन स्थलांतरितांच्या पेंटेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) मंडळ्या वाढल्या आहेत.