घरच्या सर्व्हरला झोप लागते का?

घरचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं साठवायला एक छोटा सर्व्हर ठेवायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो: ‘प्रोसेसर किती वॅटचा घेऊ?’ मग इंटेलचा एन१००, टीडीपी ६ वॅट, आणि कोअर आय३-१२१००, ६० वॅट, असे दोघे समोरासमोर उभे केले जातात आणि ६० वॅटवाला पहिल्याच फेरीत बाद होतो. पण टीडीपी हा आकडा पंखा आणि हीटसिंक निवडणाऱ्या इंजिनिअरसाठी असतो. प्रोसेसर सतत राबत असताना किती उष्णता बाहेर काढावी लागेल, एवढंच तो सांगतो. घरचा सर्व्हर राबतो कधी? रात्री फोनमधले फोटो उतरताना, किंवा कुणी टीव्हीवर सिनेमा लावला तर. बाकी सगळा वेळ तो नुसता चालू असतो, आणि बिल वाढतं ते या नुसत्या चालू असण्यानं.

१ वॅट वर्षभर अखंड म्हणजे ८.७६ युनिट. जुना डेस्कटॉप ‘फुकटात पडलाय’ म्हणून कामाला लावला आणि तो रिकामा बसून ५० वॅट घेत असेल, तर वर्षाला ४३८ युनिट झाले. शिवाय महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतात. घराचा वापर आधीच महिन्याला ३०० युनिटांच्या काठावर असेल, तर सर्व्हरचे महिन्याचे ३६ युनिट नेमके वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन पडतात.

काम नसताना प्रोसेसर वीज खातोच का? या सगळ्या प्रकरणातला हा माझा सर्वांत आवडता भाग, तेव्हा इथं जरा रेंगाळतो.

ट्रान्झिस्टर म्हणजे स्विच. तो उघडझाप करतो तेव्हा दर वेळी इवलासा विद्युतभार भरतो आणि रिकामा होतो. यात जाणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि उघडझापेच्या वारंवारितेच्या प्रमाणात असते. काम नसेल तर क्लॉक, म्हणजे या उघडझापेचा ठेका, थांबवा. वारंवारिता शून्य, खर्च शून्य. शाळेतल्या गणितानुसार प्रश्न इथंच मिटायला हवा. तो मिटत नाही, कारण बंद ट्रान्झिस्टरही गळतो.

सगळ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सारखी नसते. उष्णतेमुळे काहींकडे ती जरा जास्त असते, आणि बंद गेटनं, म्हणजे या स्विचच्या नियंत्रक टोकानं, उभा केलेला ऊर्जेचा अडसर ते ओलांडून जातात. अडसर वाढवला की गळती घटते, पण किती घटते यावर निसर्गाची मर्यादा आहे. खोलीच्या तापमानाला गळती १० पट कमी करायला गेटचं व्होल्टेज किमान ६० मिलिव्होल्ट बदलावं लागतं. हा आकडा बोल्ट्झमनचा स्थिरांक, तापमान आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार यांतून निघतो. मॉसफेटमध्ये, म्हणजे चिपमधल्या नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये, कुठल्याही कंपनीला तो खाली आणता येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांना, तो ६३ होतो. चिपच्या पोटात तर त्याहून जास्त.

१९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर चिपच्या दर चौरस मिलिमीटरला लागणारी वीज तेवढीच राहते. तीसेक वर्षं उद्योग या हिशेबावर चालला. पण पुरवठ्याचं व्होल्टेज उतरवायचं तर ट्रान्झिस्टर सुरू होण्याचा उंबरठाही उतरवावा लागतो, आणि तो थोडा उतरला तरी गळती पटीपटीनं वाढते. २००५ च्या सुमारास हा रस्ता संपला. व्होल्टेज एक व्होल्टच्या आसपास अडकलं.

मग उरला तो सरळ उपाय: कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या प्रत्येक स्वतंत्र गणनयंत्राची, वीजच तोडायची. २००८ च्या नेहालेम प्रोसेसरांत इंटेलनं प्रत्येक कोअरच्या वाटेवर पॉवर गेट, म्हणजे पुरवठा तोडणारे स्विच, बसवले. झोपण्याआधी कोअर आपल्या रजिस्टरांतली, म्हणजे हातातल्या कामाची, माहिती बाजूच्या छोट्या मेमरीत लिहून ठेवतो, आणि मग त्याचा पुरवठा बंद होतो. ही सी-६ अवस्था. यातून उठायला वेळ आणि ऊर्जा दोन्ही लागतात, म्हणून पुढचं काम कधी येईल याचा अंदाज ऑपरेटिंग सिस्टिम आधी बांधते. ते लगेच येणार असेल तर गाढ झोप तोट्यात जाते. पूर्वी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, काम असो वा नसो, सेकंदाला शेकडो वेळा प्रोसेसरला उठवत असे. २००७ मध्ये, २.६.२१ या आवृत्तीपासून, ही खोड मोडायला सुरुवात झाली.

हे झालं एका कोअरचं. सगळे कोअर झोपले की कॅशे, मेमरी कंट्रोलर अशा सामायिक भागांची पाळी येते. त्या अवस्थांना पॅकेज सी-स्टेट म्हणतात, आणि घरच्या सर्व्हरची खरी बचत इथं आहे. पण त्यासाठी पीसीआय एक्स्प्रेसवर, म्हणजे मदरबोर्डला कार्डं जोडणाऱ्या मार्गावर, बसलेल्या प्रत्येक उपकरणानं प्रोसेसरशी असलेली आपली लिंक झोपवली पाहिजे. लग्नघरात एक पोर जागं असलं की अख्ख्या खोलीचा दिवा मालवता येत नाही, तसंच हे. तिसऱ्या पिढीच्या लिंकची एक लेन सेकंदाला ८०० कोटी बिट पाठवते, आणि सांगण्यासारखं काही नसलं तरी जागी लिंक ताळमेळ टिकवायला निरर्थक बिट पाठवतच राहते. तिला एल-१ नावाच्या झोपेत नेणाऱ्या सोयीचं नाव एएसपीएम. कार्डाला ती जमत नसेल किंवा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बंद असेल, तर कार्ड स्वतः दोनच वॅट खातं, पण सगळ्या प्रोसेसरला जागं ठेवतं.

लिनक्सवर पॉवरटॉप हा वीजवापर दाखवणारा प्रोग्रॅम चालवून ‘आयडल स्टॅट्स’च्या पानावर गेलं की हे उघड दिसतं. डावीकडच्या पॅकेजच्या रकान्यात झोपेच्या पायऱ्या असतात, आकडा मोठा तेवढी झोप गाढ. तिथं ‘पीसी२’पुढे ९५-९७ टक्के आणि ‘पीसी६’, ‘पीसी८’पुढे नुसती शून्यं असतील, तर कुणीतरी जागं आहे. कार्डं एकेक काढून तो रकाना पुन्हा पाहायचा. मोठ्या सर्व्हरमधून निघालेली, डिस्क जोडायची जुनी एलएसआय कंपनीची कार्डं स्वस्तात मिळतात आणि आठ डिस्क जोडतात, पण एकटीच १० वॅटच्या घरात खातात आणि वर झोपही मोडतात. एएसएम११६६ चिपच्या कार्डांना मागणी आहे ती झोप न मोडण्याच्या गुणामुळेच. त्याहून बरं म्हणजे पुरेसे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) स्वतःच्या चिपसेटमधूनच देणारा मदरबोर्ड. एन१०० मध्ये स्वतःचे साटा पोर्ट दोनच. सहा पोर्टांच्या बोर्डावर बाकीचे वेगळ्या चिपमधून येतात. ती चिप झोपाळू नसेल तर नीट झोपणारा ६० वॅटचा आय३ या ६ वॅटवाल्याला रिकाम्या वेळेत मागे टाकू शकतो.

जाता जाता: बिल निम्मं करणारा ‘पॉवर सेव्हर’ प्लग ऑनलाइन विकला जातो. त्यात एक कपॅसिटर आणि एक एलईडी असतो. कपॅसिटर पॉवर फॅक्टर, म्हणजे तारेतून येणाऱ्या विजेतला खरोखर कामी येणारा हिस्सा, सुधारेलही, पण घरगुती बिल येतं ते प्रत्यक्ष खर्च झालेल्या युनिटांचं. एलईडीचा खर्च तेवढा वाढतो.

पॉवर सप्लायवरचं ‘८० प्लस गोल्ड’ हे कार्यक्षमतेचं स्टिकर खोटं नाही, पण ही चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. ५०० वॅटच्या सप्लायवर १५ वॅटचा सर्व्हर म्हणजे ३ टक्के भार. तिथं काय होतं ते स्टिकर सांगत नाही. म्हणून सप्लाय छोटा घ्यावा, पण फार छोटाही नको. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास मागते. चार डिस्क एकदम उठल्या तर १०० वॅटच्या जवळ जातात, आणि ६० वॅटचा अडॅप्टर तिथं मान टाकतो.

एकदा फिरू लागली की अशी डिस्क रिकामी असतानाही ४ ते ६ वॅट घेते, मुख्यतः हवा कापण्यात. म्हणूनच २०१३ पासून मोठ्या डिस्कमध्ये हेलियम भरू लागले. त्याची घनता हवेच्या सातव्या हिस्स्याएवढी. लहान चार डिस्कऐवजी मोठ्या दोन घेतल्या तर प्रोसेसरवरच्या सगळ्या कसरतीइतकी बचत एका फटक्यात होते.

मोजायला प्लगमध्ये बसणारं वॅटमीटर उत्तम. नसेल तर घराच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा चालतो. मीटरवर एका युनिटला ३२०० इम्पल्स असं छापलं असेल, तर एक लुकलुक म्हणजे ११२५ ज्यूल. फ्रिज, पंखे, इन्व्हर्टर सगळं बंद करून फक्त सर्व्हर चालू ठेवला आणि दोन लुकलुकींत ५६ सेकंद गेले, तर तो २० वॅट घेतोय. मात्र राउटर चालू राहिला असेल तर त्याचे वॅट यातून वजा करावे लागतील.