गिटहब एपीआयची लिमिट आयपीवर का खात्यावर? टोकन काढायची पूर्ण माहिती

नांदेड-लातूरकडच्या कॉलेजात लॅबमध्ये ३० लेकरं एकदम बसली की दोन-चार जणांचं प्रोजेक्ट चालतं, बाकीच्यांना 'रेट लिमिट एक्सीडेड' (म्हणजे विचारायची मर्यादा संपली) येतं आन् सगळे मिळून वायफायला शिव्या देतात. वायफायचा काही संबंध नाही. गिटहब ही कोड ठेवायची साइट, आन् एपीआय म्हणजे आपल्या प्रोग्राममधून तिच्याकडं माहिती मागायची खिडकी. टोकन, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त किल्ली, न लावता गिटहबच्या एपीआयला काही विचारलं तर तुम्ही कोण हे त्याला कळत नाही, त्याला फक्त आयपी (नेट कनेक्शनचा पत्ता) दिसतो, आणि एका आयपीला तासाला ६० रिक्वेस्ट. सगळी लॅब एकाच राउटरमागं, मग बाहेर आयपी बी एकच, म्हणजे वाट्याला आल्या दोन-दोन. हॉटस्पॉट लावला तरी खात्री नाही, मोबाईल कंपन्या एका पब्लिक आयपीवर कितीतरी गिऱ्हाईकं बसवतात, तुमचे ६० दुसऱ्याच कुणीतरी आधीच संपवलेले असतात.

टोकन लावलं की हिशोब तुमच्या खात्यावर, तासाला ५०००. मग लॅबमधून चालवा नाहीतर गावाकडून, आयपी कुणी बघत नाही. पण एका खात्यावर चार टोकन काढून २०००० होत नाहीत बरं का, रेशन कार्डाच्या चार झेरॉक्स काढल्या म्हणून धान्य चौपट मिळतं का? ५००० मध्येच सगळे टोकन.

पात्रता: वय किमान १३, आणि एका माणसाला एकच फ्री खातं, त्यामुळं लिमिटसाठी पाच खाती उघडायचा जुगाड नियमात बसत नाही.

कागदपत्रं: आधार, टीसी, बोनाफाईड काही लागत नाही. व्हेरिफाय केलेला ईमेल पाहिजे, बस. फी पण नाही, कुणी पैसे मागत असंल तर सरळ नाही म्हणा.

प्रक्रिया: लॉगिन करून सेटिंग्ज, तिथं एकदम खाली डेव्हलपर सेटिंग्ज, मग पर्सनल ॲक्सेस टोकन्स, त्यात फाईन-ग्रेन्ड (परवानग्या मोजूनमापून देता येणारं) घ्या. नाव द्या, मुदत टाका, नुसता पब्लिक डेटा वाचायचा असंल तर रिपॉझिटरी (प्रोजेक्टच्या कोडचं फोल्डर) ॲक्सेसमध्ये पब्लिकवालाच पर्याय ठेवा, जास्तीची परवानगी कशाला. जनरेट केलं की टोकन एकदाच दिसतं, पान बंद केलं तर गेलं, नवीन काढावं लागतं. ते कोडमध्ये चिकटवून पब्लिक रिपॉझिटरीत ढकलू नका, गिटहब ते स्वतःच रद्द करून टाकतं. वर्षभर वापरलं नाही तरी उडतं.

रिक्वेस्टच्या ऑथोरायझेशन हेडरमध्ये (हेडर म्हणजे रिक्वेस्ट किंवा उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) 'बेअरर' (Bearer), एक स्पेस आन् टोकन असं टाकायचं. मग उत्तराच्या हेडरमध्ये लिमिट बघा, ५००० दिसलं तर टोकन लागलं, ६० दिसलं तर हेडर गेलंच नाही, आणि ४०१ (ओळख पटली नाही असा एरर) आलं तर टोकन चुकीचं कॉपी झालंय नाहीतर त्याची मुदत संपलीय.