घोळणा फुटल्यावर मान मागे टाकू नये

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी पडते आणि भुईकोट किल्ल्याच्या बागेत किंवा नान्नजच्या माळरानावर हिंडणाऱ्या एखाद्या लहान मुलाचा घोळणा फुटतो. अशा वेळी मुलाची मान मागे टाकावी, डोक्यावर पाणी ओतावे आणि कांदा हुंगायला द्यावा, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो मायेपोटी दिला जातो. पण त्यातील मान मागे टाकण्याची गोष्ट घातक ठरू शकते.

मान मागे टाकल्याने रक्त थांबत नाही, ते फक्त दिसेनासे होते. ते घशात उतरते, पोटात गेल्यास मळमळून उलटी होते आणि क्वचित श्वासनलिकेतही शिरते. मुलांमध्ये बहुतेक वेळा हे रक्त नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढील भागातून येते, जिथे बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे अगदी वरवर असते, आणि कोरडी हवा किंवा नाकात बोट घालण्याची सवय त्यांना सहज इजा करते. म्हणूनच तिथे दाब हवा, जो कांद्याने किंवा पाण्याने मिळत नाही.

मुलाला बसवावे, किंचित पुढे वाकवावे आणि हाडाखालचा नाकाचा मऊ भाग चिमटीत 10 ते 15 मिनिटे धरून ठेवावा. श्वास तोंडाने घेऊ द्यावा. थांबले का हे पाहण्यासाठी चिमूट मध्येच सोडू नये. घाबरलेल्या पालकांकडून नेमकी हीच चूक होते. अर्ध्या तासात रक्त थांबले नाही, किंवा डोक्याला मार लागून ते आले असेल, तर तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

एवढ्यासाठी मुलांचे मैदान बंद करू नये. सकाळ-संध्याकाळची वेळ निवडावी आणि नखे कापलेली ठेवावीत.