डाळिंबाचा तेल्या आणि ती न फवारलेली ओळ

वनस्पती रोगशास्त्रात पीएचडी करतेय म्हटलं की गावाकडं पहिला प्रश्न ठरलेला, मग आमच्या बागेला औषध सांगा की. माझा विषय डाळिंबावरचा तेल्या, म्हणजे झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळं येणारा रोग. पानावर आणि फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ एल किंवा वाय आकारात तडकतं, आणि तडकलेलं फळ कोण घेणार? भारतात याची पहिली नोंद १९५२ ची, दिल्लीतली, पण खरी झळ नंतर सोलापूर, सांगली, नाशिकच्या बागांनी सोसली.

सुरुवात अगदी साधी असते. डागाच्या कडेचा पानाचा बारीक तुकडा ब्लेडनं कापायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट हळूहळू बाहेर येताना दिसतो, ते सगळे जिवाणू!! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ डोळा काढलाच नाही.

पण जिवाणू दिसले म्हणून तेच गुन्हेगार असं होत नाही. ते जिवाणूंचं खाद्य घातलेल्या काचेच्या प्लेटवर वाढवायचे, २८ अंशांच्या आसपास ठेवले की तीन-चार दिवसांत पिवळ्या चकचकीत कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे ठिपके येतात, मग निरोगी रोपावर सोडून तसेच डाग पडतात का बघायचं, आणि त्या डागातून परत तोच जिवाणू काढून दाखवायचा. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या काळापासून हीच कसोटी आहे.

खरं अवघड काम मात्र बागेत. औषध खरंच चालतं का हे बघायच्या ट्रायलमध्ये काही झाडं अजिबात फवारायची नाहीत, त्याला कंट्रोल म्हणतात. ज्या काकांच्या बागेत प्लॉट होता ते म्हणाले, "मॅडम, डोळ्यांदेखत रोग वाढू द्यायचा होय?" पोटात कालवलं, कारण पावसाचे थेंब उडाले की जिवाणू शेजारच्या झाडावर जातो, छाटणीच्या कात्रीवरूनही जातो. पण ती ओळ नसेल तर औषधानं रोग थांबला की पाऊस थांबला म्हणून थांबला हे कळणार कसं? म्हणून मध्ये मोकळ्या ओळी सोडल्या, कात्री प्रत्येक झाडाला निर्जंतुक केली, तडकलेली फळं मोजून झाली की लगेच बागेबाहेर नेऊन जाळली.

दुसऱ्या वर्षी मृग बहारात, म्हणजे पावसाळ्यात धरलेल्या बहारात, मोठा खंड पडला, पाऊसच नाही. कंट्रोलच्या झाडांवरही डाग शोधून शोधून सापडेनात. काका खूश होते आणि मलाही त्यांच्यासाठी बरं वाटलं, पण आकडे काही सांगायला तयार नव्हते, सगळ्या ओळी सारख्याच. आता तिसऱ्या वर्षाची ट्रायल लावलीय, आणि काकांनी कंट्रोलची ओळ स्वतःच दाखवली, विहिरीकडची.