आवाज तोच, मग फरक कशात पडला?

टिनिटस म्हणजे बाहेर काहीच वाजत नसताना कानात येणारी गुंई, शिट्टी किंवा रातकिड्यांसारखी किरकिर. सुश्रुतसंहितेत 'कर्णनाद' हा विकार वेगळा नोंदलेला आहे. त्यावर आवाजानेच आवाज बुजवायचा, ही युक्तीही जुनीच. १८२१ साली कानाच्या विकारांवर ग्रंथ लिहिणारे फ्रेंच डॉक्टर इतार अशा रुग्णांना धडधडत्या आगीजवळ बसायला सांगत. १९७०च्या दशकात अमेरिकेत जॅक व्हर्नन यांनी हीच गोष्ट कानात घालायच्या यंत्रात आणली आणि त्याला 'मास्कर' नाव मिळालं.

घोडं अडलं ते मोजमापापाशी. रुग्णाच्या कानावर हेडफोन चढवायचे, आवाज थोडाथोडा वाढवत न्यायचा आणि 'तुमच्या आवाजाइतका झाला की सांगा' म्हणायचं. ज्या आवाजाने महिनोन्महिने झोप उडवली, तो या चाचणीत बहुतेकदा ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा जेमतेम काही डेसिबल वर निघतो. शिवाय सारख्याच मोठ्या आवाजाचा एकाला जीव नकोसा होतो, दुसऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही. म्हणजे दुखणं निव्वळ कानात नव्हतं.

१९८४मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड हॅलम आणि सहकाऱ्यांनी मांडलं की मेंदू या आवाजाला सरावतो. त्रास होतो तो सराव न झालेल्यांना. १९९०मध्ये पावेल यास्ट्रेबॉफ यांनी त्याला भावना आणि भीतीशी निगडित मेंदूच्या यंत्रणांची जोड दिली. त्यातून टिनिटस रीट्रेनिंग थेरपी आली: समुपदेशन, सोबत मंद आवाजाचं यंत्र, आणि एक-दोन वर्षांची चिकाटी. दुसरीकडून मानसोपचारातली सीबीटी आली, म्हणजे त्रासदायक विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धती. जर्मनीत या दोन्ही धाग्यांतून सघन उपचार उभे राहिले. कुठे काही आठवडे रुग्णालयात राहून, तर बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात सात दिवस रोज येऊन: समुपदेशन, शिथिलीकरण, व्यायाम, लक्ष दुसरीकडे वळवण्याचा सराव.

मोजपट्टीही बदलली. टिनिटसमुळे जगण्यात किती अडथळा येतो हे मोजणाऱ्या १९९६च्या टीएचआय (टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी) प्रश्नावलीत २५ प्रश्न आहेत. 'हो'ला ४ गुण, 'कधीकधी'ला २, 'नाही'ला शून्य. आवाज किती डेसिबलचा, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. त्यामुळे आवाज जसाच्या तसा राहूनही रुग्ण 'सुधारला' असं म्हणता येऊ लागलं. मला यात लबाडी दिसत नाही. त्रास हाच तर आजार होता.

पण ही सुधारणा टिकते का? २०१२च्या नेदरलँड्समधल्या चाचणीत ४९२ रुग्ण होते आणि वर्षभरानंतरही सीबीटीवर आधारलेल्या उपचारांचा फायदा दिसला. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२०च्या सीबीटीवरच्या आढाव्यात २८ चाचण्या धरल्या. उपचार संपताना त्रास कमी झालेला आढळला, पण सहा महिने किंवा वर्षानंतरचा पुरावा फारच तोकडा निघाला. याला कारणही आहे. अशा चाचण्यांत बरेचदा उपचार घेतलेल्यांची तुलना प्रतीक्षायादीतल्या रुग्णांशी होते, पण प्रतीक्षायादीतल्या माणसाला तुलनेसाठी वर्षानुवर्षं उपचाराविना ताटकळत ठेवता येत नाही. त्यालाही उपचार मिळाले की तुलनेला कुणी उरत नाही, आणि काळाच्या ओघात आपोआप झालेला सराव कुठला नि उपचाराने घडलेला कुठला, हे वेगळं काढणं जड जातं. अमेरिकेत लष्कराशी संबंधित १५१ जणांवर १८ महिने चाललेल्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर पूर्ण रीट्रेनिंग, निम्मं रीट्रेनिंग आणि नेहमीची देखभाल असे तीनही गट जवळपास सारखेच सुधारले.